भाताची राखण करणारी इवलीशी गांधीलमाशी

गांधीलमाशी म्हटलं की आपण पदर सावरून पळतो. पण तिच्याच गोतातलं एक घराणं असं आहे, जे माणसाला कधीच चावत नाही. त्याचं नाव ट्रायकोग्रामा. ही माशी खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते.

उलव्याची बरीच खाचरं विमानतळासाठी गेली, तरी गटातल्या काहींच्या माहेरी भात होतोच. तिथे खोडकिडा लागला की रोपाचा गाभा सुकतो आणि पुढे लोंबी पळींज निघते, म्हणजे पांढरी आणि पोकळ. अळी एकदा खोडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

ट्रायकोग्रामा अळी होऊच देत नाही. पतंगाने पानावर घातलेली अंडी ती शोधते आणि त्यांच्या आत आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतला गर खाऊन वाढतं, पतंगाचं अंडं काळं पडतं आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवी माशी निघते.

बाजारात मिळणारं ट्रायकोकार्ड म्हणजे हीच काळी अंडी चिकटवलेला कागद. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात. एकरी एक कार्ड, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा लावायचं. कार्डाचे तुकडे करून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायचे, म्हणजे ऊन-पाऊस लागत नाही.

आमची पहिली चूक ऐका. पाऊस थांबेना म्हणून कार्ड चार दिवस स्वयंपाकघरातच राहिलं. पाकीट उघडलं तर आत धुळीसारख्या मेलेल्या माश्या! पैसे वाया गेलेच, त्या वेळी शेतही उघडं पडलं. म्हणून पाकिटावरची तारीख बघा. लगेच जमणार नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. शेतात पतंग दिसू लागताच कार्ड लावा. गाभा सुकल्यावर लावलं तर आत शिरलेल्या अळीला त्याचा काहीच त्रास नाही. आणि कार्ड लावण्याच्या आगेमागे काही दिवस कीटकनाशक फवारू नका, नाहीतर आपणच आणलेली राखणदार आपल्याच हातून मरेल.

कार्डासाठी तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. चार जणींनी मिळून मागवलं तर एकाच फेरीत काम होतं.