दोन छायाचित्रे आणि ३ सेकंद

सिग्नल तोडणाऱ्या वाहनाचे चलन कॅमेराच फाडतो, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी कॅमेरा केवळ संशय नोंदवतो आणि त्या संशयाला दंडाचे रूप देण्याचे काम नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याकडे असते. मुंबईत ई-चलन २०१६ मध्ये सुरू झाले व पुढे ते राज्यभर पोहोचले; या कर्मचाऱ्याच्या पडताळणीकडे मात्र दंड भरणाऱ्यांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते.

दिवा लाल असताना वाहनाने थांबरेषा, म्हणजे झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडची आडवी पांढरी रेषा, ओलांडली की एकामागून एक दोन छायाचित्रे टिपली जातात, संगणक नंबरप्लेट वाचतो आणि ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदणी-संग्रहातून मालकाची माहिती पडद्यावर येते. संगणक अडतो तो ‘दादा’ असे वाचले जावे म्हणून वळवून रंगवलेल्या ४१४१ वर किंवा ‘राम’ झालेल्या २१४ वर. अशा वेळी आकड्यांचा छडा डोळ्यांनी लावावा लागतो आणि क्रमांक लाल मोटारीचा असून चित्रात पांढरी मोटार दिसत असेल, तर प्लेट बनावट असल्याची शंका घ्यावी लागते.

खरी कसोटी मात्र पहिल्या छायाचित्राची असते. दुसऱ्यात वाहन चौकाच्या मध्यावर दिसते आणि ते पाहताच कोणीही दोषी वाटतो. पण लाल दिवा लागला त्या क्षणी पुढचे चाक रेषेच्या अलीकडे होते की पलीकडे, याचा निवाडा पहिल्यातच होतो. शिवाय चौकातल्या हवालदाराने हाताने वाहतूक सोडली असेल, किंवा मागून आलेल्या रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी गाडी पुढे सरकली असेल, तर तो हात व ती रुग्णवाहिका चौकटीबाहेर राहतात. चित्रफीत मागे नेऊन पाहणारा कर्मचारी आणि पुढच्या चित्राकडे वळणारा कर्मचारी यांच्यातील फरक वाहनचालकाला कधीच कळत नाही.

पिवळ्या दिव्यासाठी वाहतूक खात्यात आणि चालकांच्या तोंडी सारखाच आढळणारा आकडा ३ सेकंदांचा आहे. गॅझिस, हर्मन आणि माराडुडिन या संशोधकांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की पिवळा दिवा पुरेसा लांब नसेल, तर रस्त्यावर असा एक पट्टा उरतो जिथून चालकाला सुरक्षितपणे थांबताही येत नाही आणि लाल होण्यापूर्वी रेषाही गाठता येत नाही. भान येण्यास १ सेकंद आणि दर सेकंदाला वेगात ३ मीटर प्रतिसेकंद घट धरली, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ३.३ सेकंद लागतात. पावसाळ्यात ही घट २ वर आली, तर ताशी ४० च्या वेगालाही सुमारे ३.८. म्हणजे ३ सेकंदांच्या चौकात कायदा पाळू पाहणाराही सापडू शकतो, आणि छायाचित्रात तो मुजोर चालकासारखाच दिसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या १६७-अ नुसार अशा कॅमेरा-यंत्रांना दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता-प्रमाणपत्र लागते, जागेवर सूचनाफलक लागतो आणि गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस द्यावी लागते. हे १५ दिवस कागदावर नेमके असले, तरी संदेश जातो नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर आणि तो पुष्कळदा एजंटाचा असतो. दुचाकी विकून नाव न बदललेल्या मूळ मालकावर कलम १३३ नुसार चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी येते. ती त्याला बहुधा लोकअदालतीच्या नोटिशीतूनच उमगते. संकेतस्थळावर व अ‍ॅपवर तक्रार नोंदवता येते, आणि मग तेच पहिले छायाचित्र कोणाला तरी पुन्हा उघडून पाहावे लागते. पण दंडाची रक्कम कामावरच्या एका खाड्याहून कमी असेल, तर बहुतेक जण ती मुकाट्याने भरून टाकतात.