बिनदुधाचा चहा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या अंधेरीच्या घरात सकाळी सहाच्या आत चहाचं आधण चढतं. धाकटी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साडेसहाला ती घराबाहेर पडते आणि रात्री आठला परत येते. दीडएक वर्षापूर्वी एका सकाळी तिनं कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, ‘‘अब्बा, आजपासून माझ्या चहात दूध नको.’’ पोट बिघडलं असेल, असं मला वाटलं. रात्री तिनं ताटातलं मटण बाजूला काढलं. दही नको म्हणाली, चपातीला तूपही नको. अम्मीनं विचारलं, ‘‘रोजा धरलायस का?’’ तर म्हणाली, ‘‘नाही, मी व्हीगन झालेय.’’

तीस वर्षं शब्दांशी झटापट करूनही हा शब्द मला नीट ठाऊक नव्हता. तो 1944 सालचा आहे. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून तो केला. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मधही नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे शाकाहार म्हटलं की दूधदुभतं त्यात गृहीतच असतं. त्यामुळे ‘दूधही नको’ म्हणणारा माणूस शाकाहाऱ्यांनाही विक्षिप्त वाटतो आणि आमच्यासारख्यांना तर वाटतोच.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिली आली ती शंका. हिला कॉलेजात कुणी डब्यावरून हिणवलं तर नाही? ही शंका हवेतून आली नव्हती. 1990च्या दशकात आम्ही मुलुंडला जागा शोधत होतो. दलालानं आधी ‘नॉनव्हेज चालणार नाही’ म्हणून सांगितलं. आम्ही घरात शिजवणार नाही, असं म्हणालो, तेव्हा त्यानं माझं नाव पुन्हा एकदा विचारलं आणि जागा गेली म्हणाला. त्या दिवसापासून आपल्या ताटाकडे कुणी पाहिलं की माझे कान टवकारतात. मी मुलीला सरळच विचारलं. ती हसली. म्हणाली, ‘‘अब्बा, तसं असतं तर मी रोज डब्यात कबाब नेले असते.’’

तिचं कारण वेगळं होतं. कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी ती गोरेगावच्या बाजूच्या एका तबेल्यात महिनाभर जात होती. आपल्या उपनगरांचं आणि म्हशींचं नातं जुनं आहे. मुंबईच्या गल्लीबोळांतले तबेले शहराबाहेर न्यावेत म्हणून 1949 साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. मी लहानपणी दूध प्यायलो ते बाटलीतलं. ती बाटली भरण्यासाठी म्हैस व्यावी लागते, ही गोष्ट मला माहीत होती, पण मी तिचा विचार कधी केला नव्हता. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. व्याली की निम्म्या वेळा नर रेडकू होतं. शहरातल्या तबेल्यात चारा विकतचा, जागा भाड्याची आणि दुधाचा प्रत्येक लिटर मोजलेला. त्या हिशेबात नर रेडकाला जागा नसते. त्याला पान्हा फुटण्यापुरतं आचळाला लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. पुष्कळदा ते काही दिवसांतच मरतं. म्हैस आटली की तिचीही रवानगी होते, कधी गावाकडे, कधी खाटकाकडे. महाराष्ट्रात 2015 साली कायदा कडक झाला तो गाय, बैल आणि वळू यांच्यापुरता. म्हैस त्यात नाही.

‘‘दुधाचं आणि मटणाचं दुकान वेगळं नाही अब्बा,’’ ती म्हणाली. ‘‘एकाच दुकानाच्या दोन खिडक्या आहेत. मला दोन्ही नकोत. तुम्ही खा, मी काही म्हणणार नाही.’’

यावर मी काय बोलणार? मी खातो, आजही खातो. पण जे खायला परवानगी आहे ते खाल्लंच पाहिजे असा नियम मला तरी कुठे सापडलेला नाही. दुसऱ्यानं ताटातून काढून घेणं आणि आपण होऊन ताटातलं बाजूला ठेवणं, यातला फरक मला मुलुंडच्या त्या दलालानं शिकवला होता. तोच आता मला मुलीच्या बाजूनं लावावा लागला. बकरी ईदला नातेवाईक जमले तेव्हा ती ताटात मसुराची आमटी घेऊन सगळ्यांबरोबर बसली. माझ्या चुलतभावानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला आमटी वाढली.

कॉलेजच्या वयात असा हट्ट धरणारी ती पहिली नव्हे. गांधीजी 1888 साली बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. आईला मांस न खाण्याचा शब्द दिलेला, आणि घरमालकिणीकडे बेचव भाजीपाला. पोट भरत नसे. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी खानावळ सापडली. तिथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक एका शिलिंगला घेतलं आणि पोटभर जेवले. पुढे पैसे वाचवायला त्यांनी एकच खोली घेतली. सकाळी स्टोव्हवर ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पुन्हा पाव आणि कोको. अभ्यास सांभाळून हे जमलं, कारण रोज काय खायचं याचा विचार त्यांना रोज नव्यानं करावा लागत नव्हता.

दुधाची गोष्ट मात्र त्यांनाही जड गेली. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं. 1918 साली ते गंभीर आजारी पडले. दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही, असं मुंबईत डॉ. दलालांनी सांगितलं, तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या की, शपथ घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. शपथेचा शब्द पाळला पण आत्मा गेला, ही कबुली आत्मकथेत आहे. दुधाला पर्याय ठरेल असं वनस्पतीजन्य काही कुणाला माहीत असेल तर कळवा, असंही ते विचारत राहिले. बी-12 हे जीवनसत्त्व वेगळं काढण्यात शास्त्रज्ञांना यश आलं ते 1948 साली. त्या वर्षीच्या जानेवारीत गांधीजी गेले होते.

हे बी-12 आमच्या घरात आलं ते वाईट वाटेनं. पहिले चार महिने मुलीनं काय खाल्लं? सकाळी काळा चहा, दुपारी कॉलेजबाहेरचा वडापाव, संध्याकाळी वेफर्स, रात्री भात आणि बटाट्याची भाजी. वडापाव तिच्या नियमात बसतो, वेफर्सही बसतात. सोडायच्या पदार्थांची यादी तिच्याजवळ होती, खायच्या पदार्थांची नव्हती. परीक्षेच्या आठवड्यात अंधेरी स्टेशनच्या पुलावर तिला चक्कर आली आणि दोन अनोळखी बायकांनी तिला बाकावर बसवून मला फोन केला. तो पूल चढताना माझे पाय कसे लटपटत होते ते मलाच माहीत.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, बी-12 त्याहून कमी. अम्मी म्हणाली, ‘‘बघ, दूध सोडलंस त्याचं फळ.’’ डॉक्टर म्हणाले, तसं नाही. बी-12चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. चार महिन्यांत तो रिकामा होत नाही. म्हणजे तो आधीपासूनच कमी असणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली पुणे परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश लोकांमध्ये बी-12 कमी निघालं होतं. ते काही सगळे दूध सोडलेले नव्हते. हे जीवनसत्त्व बनवतात जिवाणू. वनस्पतीत ते भरवशाचं मिळत नाही. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही एवढी. पण ती भागली नाही तर रक्त आणि नसा दोन्ही बिघडतात. त्यामुळे दूधही न घेणाऱ्याला गोळी किंवा बी-12 घातलेला पदार्थ हवाच. त्याला कोंब आलेलं कडधान्य, ताजं ताक-बिक काही पर्याय नाही. ताक तर तसंही बादच. मुलीनं तिथेही खुसपट काढलं. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातडीपासून येतं. म्हणून तिनं चघळायची गोळी मागून घेतली.

डॉक्टरांनी जाता जाता मला विचारलं, ‘‘तुम्ही मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षं घेताय?’’ म्हटलं, दहाएक. म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या. ही गोळी बरीच वर्षं घेतली की बी-12 कमी होऊ शकतं. तपासलं, तर मटण खाणाऱ्या बापाचा आकडा दूध सोडलेल्या मुलीच्या आकड्याशेजारीच. आता आम्ही दोघं एकाच पट्टीतली गोळी घेतो.

मग अम्मीनं सूत्रं हातात घेतली. तिचा राग खरा तर दुधावरून नव्हताच, माझ्या हातचं का नको, एवढाच होता. कॅल्शियमसाठी दूधच हवं, असं आपण धरून चालतो. दुधाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 120 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, नाचणीच्या तेवढ्याच पिठात साडेतीनशेच्या आसपास आणि तिळात हजाराच्या वर. वनस्पतीतलं सगळंच अंगी लागत नाही हे खरं, तरी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी रोज पोटात गेली तर बराच पल्ला गाठता येतो. प्रोटीनसाठी डाळ-भात एकत्र. डाळीत जे कमी ते भातात, भातात जे कमी ते डाळीत. शिवाय मटकी, चवळी, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळायचं आणि चहा जेवणानंतर तासभर लांब ठेवायचा. चहातले घटक लोह अडवतात आणि लिंबू त्याला वाट करून देतं.

राहिला वेळेचा प्रश्न. विद्यार्थ्याकडे पैसे कमी आणि वेळ त्याहून कमी. शनिवारी रात्री दोन कडधान्यं भिजत पडतात, सोमवारपर्यंत मोड येतात, एकदम शिजवून चार डबे फ्रीजमध्ये जातात. सकाळी फोडणी तेवढी. पिशवीत शेंगदाणे, खजूर आणि चिक्की कायम. विकतचं बदामाचं किंवा सोयाचं दूध साध्या दुधापेक्षा बरंच महाग, म्हणून ते आमच्याकडे येतच नाही. दह्यासाठी अम्मीनं एक युक्ती साधली. भिजवलेले शेंगदाणे वाटून, गाळून, उकळून कोमट करायचे आणि त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर ठेवायचं. पहिल्यांदा फसलं, तिसऱ्यांदा विरजलं. वास शेंगदाण्याचा येतो, कढी मात्र झकास होते.

बाहेरच्या खाण्याची गंमत घाटकोपरला कळते. मुलगी तिथे मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. 2014पासून मेट्रो असल्यामुळे अंधेरीहून वीसेक मिनिटांत. तिथल्या खाऊगल्लीत ‘जैन’ म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा जातो, पण डोशावर लोणी दुप्पट आणि चीजचा डोंगर तसाच राहतो. ‘व्हीगन’ म्हटलं तर काहींना कळतं, काहींना नाही. ‘तेलावर करा, लोणी, चीज, दही काही नको’ एवढं म्हटलं की काम होतं. भेळ, दही न घातलेली मिसळ, इडली, पाणीपुरी, कांदेपोहे यांना तर काही सांगावंही लागत नाही. पाव तेवढा विचारून घ्यायचा. काही बेकऱ्या त्यात दुधाची पावडर घालतात.

त्या मैत्रिणीच्या आजीला आमच्या मुलीचं काहीच नवल वाटलं नाही. जैनांत चैत्र आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची आयंबिल ओळी असते. दिवसातून एकदाच जेवायचं आणि त्यात दूध, दही, तूप, तेल, साखर, गूळ काही नाही. नुसतं उकडलेलं धान्य. घाटकोपर-मुलुंडकडे यासाठी आयंबिल शाळा आहेत. आजी म्हणाल्या, ‘‘तुझी तर मजाच आहे, तुला तेल चालतं.’’

पाकिटांचं मात्र सांगायला हवं. हिरवा ठिपका म्हणजे मांस आणि अंडं नाही, दूध असू शकतं. विलेपार्ल्याच्या कारखान्याचा खरपूस वास आमच्या पिढीनं लोकलच्या दारात उभं राहून घेतला. 2016 साली तो कारखाना बंद झाला. त्या पार्ले-जीच्या घटकांत दुधाचे घन पदार्थ आहेत, हे मला मुलीनं पुडा उलटा करून दाखवलं. 2022 साली सरकारनं व्हीगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्ह आणलं, इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर पान. ते नसेल तर घटकांच्या खाली ‘दूध आहे’ अशी ॲलर्जीची सूचना असते. ती वाचली की पुरे.

ईद जवळ आली तेव्हा शीरखुर्म्याचा प्रश्न उभा राहिला. ‘शीर’ म्हणजेच दूध, ते काढलं तर उरलं काय? तेव्हा मला माझी कोकणातली आजी आठवली. तिच्या सांदणात नारळाचं दूध आणि घावनांसोबतही तेच. ती ‘दूध’ म्हणाली की कुठलं, ते विचारून घ्यावं लागे. अम्मीनं नारळाच्या दुधात काजूची पेस्ट घातली, शेवया तुपाऐवजी तेलात परतल्या, खजूर आणि चारोळी नेहमीसारखीच. दूध फुटू नये म्हणून आच मंद ठेवली. नारळाच्या दुधात प्रोटीन फारसं नसतं, पण ईदच्या सकाळी प्रोटीन मोजायला कोण बसतं?

पहिल्या वर्षी तो एका छोट्या पातेल्यात मुलीपुरता केला होता. पाहुण्यांनी चव बघायला मागितला आणि तिच्या वाट्याला जेमतेम वाटीभर उरला. यंदा अम्मीनं मोठं पातेलं काढलं. मी अंधेरीच्या बाजारातून आठ नारळ आणले होते, ते कमी पडले.