मोरपिसाचें चिलट

चोपड्यास बसून ट्राउट माशाविषयीं बोलणें हें मारवाडांत होडीविषयीं बोलण्यासारखें आहे, असें कोणी म्हटल्यास तें खोटें नाहीं. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी यांच्यामधील या तालुक्यांत वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अडावदजवळच्या उनपदेवास तर जमिनींतूनच कढत पाणी येतें. ट्राउटला हवें असतें थंड, खळाळतें, प्राणवायूनें भरलेलें पाणी. तें २५ अंशांच्या पुढें तापूं लागलें कीं त्याचा जीव धोक्यांत येतो. अर्थात् तापींत किंवा अनेरींत तो सांपडावयाचा नाहीं. परंतु ज्या कीटकाच्या लोभानें तो फसतो, तो कीटक आपल्या घरचा आहे. आणि त्या कीटकाची प्रतिकृति ज्या सामग्रीनें करतात, तींत मोरपिसाला मोठा मान आहे.

हा मासा मूळचा आपल्या देशांतील नव्हे. फ्रान्सिस डे यांनीं १८६३ सालीं निलगिरीवर त्याचीं अंडीं आणण्याचा यत्न केला, तो फसला. काश्मीरसाठीं १८९९ सालीं विलायतेहून निघालेलीं अंडीं वाटेंतच नासलीं. पुढच्या वर्षीं स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र जगली. आज काश्मीर, कुलू, निलगिरी अशा थंड प्रदेशांतील ओढ्यांत ट्राउट नांदत आहे. तेथील देशी माशांना या पाहुण्याचा जाच झाला नाहीं असें म्हणवत नाहीं. पण तो स्वतंत्र विषय होईल.

आतां तो कीटक. संध्याकाळीं नदीकांठीं धुरासारखा हेलकावणारा जो थवा दिसतो, त्यांतील पुष्कळशीं चिलटें कायरोनोमिड कुळांतील असतात. तीं डासाचीं जवळचीं भावंडें. पण चावत नाहींत, कारण रक्त शोषण्याची सोंडच त्यांना नसते. पंख फुटल्यावर त्यांचें आयुष्य थोड्या दिवसांचें. त्यांचा खरा संसार पाण्याखालीं, चिखलांत. तेथें त्यांच्या अळ्या गाळाच्या बारीक नळ्या करून राहतात. कित्येक जातींच्या अळ्या रक्तासारख्या लाल असतात, आणि हें साम्य नुसतें दिसण्यापुरतें नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन याच वर्गाचें द्रव्य त्यांच्या अंगांत असतें व त्याच्या बळावर त्या प्राणवायु कमी असलेल्या गाळांतहि तग धरतात. अळीचा कोश झाला म्हणजे तो कातडीखालीं वायु सांठवून हळूहळू वर चढतो, पाण्याच्या पृष्ठभागास क्षणभर लटकतो, मग पाठ उकलते व चिलट उडून जातें. कोशाला त्या वेळीं पळतां येत नाहीं, हें मासा पुरतें ओळखून असतो.

येथें थोडें विषयांतर करणें जरूर वाटतें. लाल अळी दिसली कीं ती डासाची समजून पाण्यांत रॉकेल ओतावयाचें, अशी आपल्याकडे अनेकांची रीत. वास्तविक डासाची अळी पृष्ठभागापाशीं असते व पाणी हालतांच वळवळत खालीं जाते. लाल अळी तळच्या गाळांत असते. बसलेलें चिलट पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून धरतें, डास बहुधा मागचे उचलतो. एवढें पाहिलें तरी शत्रु कोण तें कळतें. घरचा हौद आठवड्यास उपसून घासावा हें योग्यच, आणि दम्याच्या रोग्यास चिलटांच्या मोठ्या थव्याचाहि उपद्रव होऊं शकतो. परंतु डोहांत औषध ओतणें म्हणजे माशांच्या ताटांतलें अन्न काढून घेणें होय. सुरुंगाची दारू लावून मासे मारणारे लोक तर ताट, अन्न व जेवणारा हीं तिन्ही एकदमच नाहींशीं करतात. १८९७ सालच्या कायद्यानेंच स्फोटकें व विष हे दोन्ही प्रकार निषिद्ध ठरविले आहेत. तरी ते थांबले नाहींत.

गळाला पिसें, दोरा व तार गुंडाळून कीटकाचें सोंग दिलें म्हणजे तिला ‘माशी’ म्हणतात. चिलटाच्या माशीसाठीं १८ पासून २४ क्रमांकापर्यंतचे, प्रसंगीं त्याहूनहि बारीक गळ घेतात. क्रमांक वाढेल तसा गळ लहान होतो. विसाव्या क्रमांकाचा गळ गव्हाच्या दाण्याएवढा असतो. तो टेबलास बसविलेल्या चिमट्यांत धरावयाचा आणि त्यावर केसासारखा दोरा ताणून, एकाशेजारी एक असे वेढे द्यावयाचे. नवशिक्याची माशी बिघडते ती बहुधा सामानाच्या अतिरेकानें. जेथें तीन वेढे पुरतात तेथें दहा दिले, कीं चिलटाचा भुंगा होतो!

कोशाची माशी सोपी. काळ्या दोऱ्याचें, डोक्याकडे किंचित् जाड होत जाणारें अंग. त्यावर अंतर सोडून रुपेरी तारेचे पांच-सहा वेढे. डोक्याशीं एक बारीक रुपेरी मणि. तारेनें कोशाच्या अंगावरील वळीं दिसतात, तर मणि कातडीखालच्या वायूसारखा चमकतो व आपल्या वजनानें माशीला बुडवितो. पट्ट्यांमुळें तिला ‘झेब्रा’ म्हणतात.

दुसरी माशी तरंगणारी, आणि मोरपिसाची गोष्ट येते ती हिच्यांत. हिचें नांव ‘ग्रिफिथचें चिलट’. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत ओ सेबल नदीकांठीं ज्यांच्या घरीं १९५९ सालीं ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था जन्मास आली, त्या जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नांवावरून तें पडलें. गळाच्या वांकाशीं प्रथम कवड्या कोंबड्याच्या मानेचें एक अरुंद पीस बांधावें, मग मोरपिसाचा एक केसाळ तंतु. तंतु पुढें गुंडाळीत नेला कीं अंग झालें. त्यावरून कोंबड्याचें पीस विरळ वेढ्यांनीं पुढें न्यावें. त्याचे ताठ केस चहूंकडे उभे राहतात व माशी त्यांवर पाण्यावर टेकते. शेवटीं दोरा त्याच्याच वेढ्यांखालून ओढून गांठ मारावी. ही माशी एका चिलटापेक्षां एकमेकांना बिलगलेल्या चार-पांच चिलटांचा पुंजका अधिक दाखविते, असें जाणते म्हणतात. माशाच्या दृष्टीनें एका घासांत तेवढी प्राप्ति अधिक.

मोरपिसाचा रंग हा रंगच नव्हे. तंतूंतील अतिसूक्ष्म कणांच्या रचनेमुळें प्रकाश परततांना ती हिरवी-तांबूस झळक उठते. म्हणून ती पाण्यानें धुऊन जात नाहीं. मात्र पीस आपोआप गळलेलेंच असावें. मोरास मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे.

अशी माशी फेंकून ओढावयाची नसते. ती प्रवाहाबरोबर, दोऱ्याचा ताण न लागतां, वाहूं द्यावी. मासा उडी घेईल अशी वाट पाहूं नये. चिलट खाणारा ट्राउट पाण्यावर पावसाच्या थेंबाएवढें वर्तुळ उठवितो, इतकेंच. तें दिसतांच काठी नुसती उचलावी. हिसका दिला तर तो बारीक दोरा तुटतो आणि गळ माशाच्या तोंडांत राहतो. ज्यांना मासा परत सोडावयाचा असतो ते म्हणूनच गळाचा उलटा कांटा आधींच चिमट्यानें दाबून टाकतात.