नळाचे दुखणे

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, ठाण्याच्या खाडीपासून थोड्या अंतरावर देवनार वसले आहे. येथील वसाहतींत नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली असते. ती वेळ झाली, की आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग तोटी दोन-चार वेळा खोकते आणि नंतर पाण्याची धार लागते. हे पाणी फार लांबून आलेले असते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांपैकी तानसा, वैतरणा आणि भातसा ही प्रमुख धरणे शहराच्या उत्तरेस व ईशान्येस दूर अंतरावर आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ सालापासून मुंबईकर पीत आहेत. वाटेत ते गाळून, शुद्ध करून पुढे सोडले जाते. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीची निगा महानगरपालिका राखते. परंतु तेथून घरात येणारी बारीक नळी, गच्चीवरील टाकी आणि मोरीतील तोटी यांची चिंता घरच्या माणसांनाच वाहावी लागते. एवढ्या लांबून आलेले पाणी वाया जाते किंवा नासते, ते पुष्कळदा या शेवटच्या दहा-पंधरा हातांतच.

नळातून पाणी वाहते ते दाबामुळे. गच्चीवरील टाकी जितकी उंच, तितका खालच्या तोटीवर पाण्याचा भार अधिक. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार टाकतो. चार मजली इमारतीत तळमजल्याच्या तोटीतून जोराची धार पडते आणि सर्वांत वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, याचे कारण हेच. वरच्या मजल्यावरील लोक टाकीच्या अगदी जवळ राहतात खरे. पण त्यांच्या डोक्यावर पाण्याची उंची दोन-तीन मीटरच असते. हा दाब रात्रंदिवस, कोणी पाणी घेत नसतानाही, तोटीला आतून रेटत असतो. म्हणून तोटीत थोडेसे वैगुण्य आले, तरी पाणी तेथून वाट काढते.

साध्या पितळी तोटीची मूठ फिरवली, म्हणजे आतला दांडा खाली जातो. त्याच्या टोकाला रबराची एक चकती बसवलेली असते. कारागीर तिला वायसर म्हणतात. ही चकती खालच्या पितळी बैठकीवर दाबून बसली, की पाण्याचे छिद्र बंद होते. वापराने रबर झिजते, कडक होते, त्याला चिरा पडतात. मग तोटी ठिबकू लागते. तेव्हा बहुतेक माणसे मूठ आणखी जोराने आवळतात. हा उपाय नव्हे. त्याने चकती अधिकच चिरडते आणि दांड्याचे आटेही झिजतात. चार आण्यांचे काम पुढे पूर्ण तोटी बदलण्यावर येते, ते या आवळण्यामुळेच.

वायसर बदलण्याचे काम अवघड नाही. मात्र घरातील वडील माणूस जवळ असावे. प्रथम त्या नळीवरील मुख्य चावी बंद करावी. हे विसरले, तर तोटी उघडताच कारंजे उडते आणि सारी मोरी न्हाऊन निघते. मग तोटी उघडून नळीत उरलेले पाणी जाऊ द्यावे. मोरीच्या जाळीवर फडके पसरावे, म्हणजे लहान स्क्रू हरवत नाही. पान्याने तोटीचे डोके सोडवून दांडा वर काढावा, जुनी चकती काढून त्याच मापाची नवी बसवावी आणि बैठक बोटाने चाचपून पाहावी. बैठकीला खड्डे पडले असतील, तर नवी चकतीही फार दिवस टिकत नाही. अलीकडे पाव फेऱ्यात उघडणाऱ्या तोट्या आल्या आहेत. त्यांच्या आत रबराऐवजी चिनी मातीसारख्या कठीण चकत्या असतात. त्या बिघडल्या, तर आतला सबंध भागच बदलावा लागतो.

एका थेंबाने काय होते, असे म्हणणाऱ्याने थोडे गणित करावे. सेकंदाला एक थेंब पडला, तर एका दिवसात ८६,४०० थेंब पडतात. वीस थेंबांचे साधारण एक मिलिलिटर धरले, तर हे पाणी चार लिटरांहून अधिक भरते, आणि वर्षाचे दीड हजार लिटरांवर जाते. टाकीतील तरंगता गोळा बिघडला, तर याहूनही मोठी नासाडी होते. पाणी चढले, की हा पोकळ गोळा वर येतो आणि आत येणारे पाणी बंद करतो. गोळ्याला भोक पडून त्यात पाणी शिरले, की तो तरंगत नाही आणि पाणी गच्चीवरून वाहत राहते.

अतिशय थंड प्रदेशांत नळाला आणखी एक रोग जडतो. लेहमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. पाणी गोठले, की त्याचे आकारमान सुमारे एक अकरांशाने वाढते. बर्फ पुढे सरकत गेला, की तो आणि बंद तोटी यांमध्ये कोंडलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि नळी फुटते. म्हणून फूट पुष्कळदा बर्फाच्या जागी न पडता जरा दूर पडते. गंमत अशी, की बर्फ असेतोवर ती कळत नाही. तो वितळला, की घरात पाणीच पाणी होते. कॅनडा किंवा उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही पहिल्या हिवाळ्यात हा धडा शिकावा लागतो. तेथे नळ्या जमिनीत खोल पुरतात, त्यांवर उबदार वेष्टन घालतात आणि कडाक्याच्या रात्री तोटी किंचित ठिबकत ठेवतात. देवनारला जो थेंब थांबवायचा, तोच तेथे मुद्दाम चालू ठेवावा लागतो! नळी गोठलीच, तर तोटी उघडी ठेवून तोटीच्या बाजूकडून गरम फडक्याने शेकतात. ज्वाला मात्र कधीही लावत नाहीत.

मुंबईत सांताक्रूझ येथे १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तोही मोठा विक्रम ठरला. तेव्हा देवनारच्या नळाचा शत्रू बर्फ नव्हे, गंज होय. खाडीवरून येणारी खारी, दमट हवा लोखंडी नळीला खाते. जस्ताचा मुलामा जेथे उडालेला असतो, विशेषतः सांध्यांच्या आट्यांवर, तेथे प्रथम गंज चढतो आणि मग बारीक भोक पडते.

हे भोक केवळ पाणी दवडत नाही. पाण्याची वेळ संपली, की नळीतील दाब जातो. उरलेले पाणी सखल भागाकडे ओसरताना नळीत ओढ निर्माण होते आणि ज्या भोकातून मघाशी पाणी बाहेर येत होते, त्यातूनच भोवतालचे पाणी आत शोषले जाते. दाट वस्तीत या नळ्या पुष्कळदा गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच नेलेल्या असतात. विषमज्वर, पटकी, कावीळ हे रोग या वाटेने घरात शिरतात. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले. पुढे तपास झाला, तेव्हा विहिरीशेजारच्या एका घरातील मैलाकुंडीच्या विटा ढासळून घाण विहिरीत झिरपत असल्याचे आढळले. तेथेही गळतीच होती.

म्हणून पाणी आल्यावर पहिली धार गढूळ किंवा वासाची वाटली, तर ती पिण्यासाठी भरू नये. तसे पाणी येतच राहिले, तर पिण्याचे पाणी उकळून घ्यावे आणि महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाला लगेच कळवावे. देवनार एम पूर्व विभागात येते. रबरी नळीचे टोक भरलेल्या बादलीत बुडवून ठेवण्याची सवयही अशीच घातक आहे. दाब गेला, की बादलीतील धुणे-भांड्यांचे पाणी उलट नळात चढते. टोक नेहमी पाण्याच्या वर टांगलेले असावे.

उरले मोरीचे दुखणे. जाळीखाली बसवलेल्या भांड्यात नेहमी थोडे पाणी साठून राहते. गटारातील दुर्गंधी त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. एवढ्यासाठीच ते भांडे असते. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपासाठी वाकड्या नळीचे पेटंट घेतले, तेही याच तत्त्वावर. मे महिन्यात सारे कुटुंब महिनाभर गावी जाते, तेव्हा हे पाणी आटून जाते. परत आल्यावर घर उघडताच वास येतो आणि लोक गटार तुंबले म्हणून कारागिराला बोलावू धावतात. अशा वेळी आधी मोरीत दोन तांबे पाणी ओतून पाहावे.