माळ्यावरचा कॅसिओ पुन्हा वाजू शकतो

आपल्या पुष्कळ घरांत माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला एक कीबोर्ड असतो. कंपनी कोणतीही असो, आपण त्याला 'कॅसिओ'च म्हणतो. कधीकाळी त्याने हळदीच्या रात्री, जयंतीच्या मंचावर गायन पार्टीला साथ केलेली असते. मग एक दिवस दोन स्वर मुके होतात, आवाज खरखरू लागतो आणि शेवटी यंत्र बंद पडते. दुकानदार झाकणही न उघडता सांगतो, "याचे पार्ट मिळत नाहीत, नवा घ्या." नव्यासाठी पैसे नसतात. घरातल्या ज्या मुलीची बोटे त्यावर नुकती कुठे बसू लागली होती, तिचे शिकणे तिथेच थांबते.

वाचकहो, त्या दुकानदाराचे म्हणणे निम्मेच खरे आहे. या यंत्राचा मेंदू म्हणजे त्यातली मुख्य चिप. ती कंपनीने खास त्या मॉडेलसाठी बनवलेली असते आणि आज बाजारात सहसा मिळत नाही. पण बंद पडलेल्या कीबोर्डमध्ये बहुतेक वेळा मेंदू शाबूत असतो. बिघडलेले असते ते काहीतरी किरकोळ.

गरिबाच्या हाती आलेले वाद्य

एके काळी इलेक्ट्रॉनिक वाद्य म्हणजे मोठ्या स्टुडिओची मिरासदारी होती. जपानच्या कॅसिओ कंपनीचे नाव तोवर गणकयंत्रांसाठी प्रसिद्ध होते. तिने १९८० साली 'कॅसिओटोन २०१' हा आपला पहिला कीबोर्ड बाजारात आणला. पुढच्याच वर्षी बॅटरीवर चालणारा, काखेत मावणारा 'एमटी-४०' आला. त्यातले ताल हिरोको ओकुडा या नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणीने बसवले होते. पुढे त्यातलाच 'रॉक' ताल जमैकाच्या किंग्स्टन शहरात वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या तरुणांच्या हाती लागला. किंग जॅमी या निर्मात्याने त्याची लय संथ केली आणि त्यावर 'स्लेंग टेंग' हे गाणे उभे राहिले. त्या तालावर पुढे शेकडो गाणी झाली आणि जमैकाच्या संगीताची दिशा बदलली. यंत्र साधेच होते, पण हात कल्पक होते.

आधी रोग ओळखा

पेचकस हातात घेण्यापूर्वी प्रत्येक स्वरपट्टी एकेक करून दाबा आणि कोणती मुकी आहे ते वहीत लिहा. आतली रचना चाळीसारखी असते. मजला आणि खोली सांगितली की घर सापडते, तशी चिप आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यातून दाबलेली पट्टी शोधते. एकाच खोलीत पाणी नसेल तर दोष त्या नळाचा. अख्खा मजला कोरडा असेल तर दोष पाइपाचा. तसेच इथेही आहे. एखाद-दुसरी पट्टी मुकी असेल तर तिच्याखाली धूळ किंवा चिकटा बसला आहे. ठराविक अंतराने अनेक पट्ट्या मुक्या असतील तर एखादी तार तुटली आहे किंवा डाग सुटला आहे.

सगळाच आवाज गेला असेल तर आधी हेडफोनचे भोक तपासा. त्यात पिन घातली की स्पीकर बंद व्हावा, अशी आत एक पत्ती असते. तिला गंज चढला की पिन नसतानाही स्पीकर गप्प राहतो. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. कित्येकदा एवढ्यावरच आवाज परत येतो आणि खर्च शून्य!

अडॅप्टरने केलेला घात

जुने कीबोर्ड मरतात ते पुष्कळदा चुकीच्या अडॅप्टरमुळे. ऐंशीच्या दशकातल्या कॅसिओंमध्ये पिनच्या मधोमध सामान्यतः ऋण टोक असते आणि बाहेर धन. यामाहाच्या बहुतेक छोट्या कीबोर्डांत आणि आजच्या सर्वसाधारण अडॅप्टरमध्ये नेमके उलटे असते. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला, असे समजू नका. भोकाजवळ वर्तुळाची छोटी खूण छापलेली असते, ती अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळवा. व्होल्ट लिहिल्याएवढेच हवेत. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कमी नकोत.

वायर हलवली की आवाज येतो-जातो, असे होत असेल तर पिनच्या भोकामागचा डाग तडकलेला असतो. तो पुन्हा तापवून बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

उघडताना

आधी अडॅप्टर आणि सेल काढा. स्क्रू लहान-मोठे असतात, म्हणून कोणता कुठला हे कागदावर चित्र काढून त्यावरच ठेवा. वायरी ओढू नका.

स्वरपट्ट्यांखाली रबराची एक पट्टी असते आणि तिच्या फुगवट्यांत काळे ठिपके असतात. ते कार्बनचे असतात. पट्टी दाबली की ठिपका खालच्या रेघांना टेकतो आणि स्वर उमटतो. हे ठिपके आणि रेघा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, मग बसवा. पेट्रोल, थिनर, ब्लेड किंवा पॉलिश पेपर वापरू नका. कार्बन एकदा खरवडला गेला की परत येत नाही.

सेल आतच फुटले असतील तर पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसते. अल्कलाइन सेलची ही भुकटी व्हिनेगरचे दोन थेंब लावून निघते. नंतर अल्कोहोलने पुसून कोरडे करा. हात मात्र धुवा.

आवाज बारीक झाला असेल किंवा गुणगुण येत असेल तर डब्यासारखे दिसणारे कपॅसिटर सुकलेले असू शकतात. नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त घ्या, आणि ऋण बाजूची रेघ होती तिथेच ठेवा. ही सामग्री मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत सुटी मिळते. चिपच जळली असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा बंद कीबोर्ड भंगारात शोधावा. दोन मेलेल्यांतून एक जिवंत होतो.

दुरुस्तीच्या पुढची पायरी

काहींची हौस दुरुस्तीवर थांबत नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या रीड गझालाजवळ किशोरवयात महागडे सिंथेसायझर घ्यायला पैसे नव्हते. १९६० च्या दशकात टेबलाच्या खणात उघडा पडलेला त्याचा खेळण्यातला अ‍ॅम्प्लिफायर एका धातूच्या वस्तूला टेकला आणि चित्रविचित्र स्वर काढू लागला. दुसऱ्या कोणी तो फेकला असता. त्याने मात्र विचार केला की चुकून असे होते, तर मुद्दाम काय काय होईल? त्यातून जी विद्या जन्मली तिला त्याने पुढे 'सर्किट बेंडिंग' हे नाव दिले. तोंडाने बोललेला आवाज स्वरपट्ट्यांवर वाजवणारा ऐंशीच्या दशकातला 'कॅसिओ एसके-१' या मंडळींचा फार लाडका आहे.

आपल्या गायकांच्या कामाचा एक बदल सांगतो. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये, आणि जुन्या छोट्या कीबोर्डांत पट्टी बदलण्याची सोय बहुधा नसे. चिपला ठेका देणारा एक घड्याळी भाग असतो. काही मॉडेलांत त्याचा वेग एका रेझिस्टरवर ठरतो. तिथे फिरवता येणारे व्हॉल्यूमसारखे बटण लावले की सगळे स्वर वर-खाली सरकतात. तालाची लयही बहुधा सोबत बदलते, हे मात्र ध्यानात ठेवावे. पेटीशी जुळवायला थोडासाच फरक हवा असेल तर आधी मागे किंवा खाली 'ट्यून'चा स्क्रू आहे का ते पाहा.

हे प्रयोग फक्त सेलवर चालणाऱ्या यंत्रांवरच करा. ज्याची वायर थेट भिंतीतल्या विजेला जाते, ते जाणकाराशिवाय उघडू नका. डाग देताना खिडकी उघडी ठेवा. लहान मुलांच्या हाती गरम कावी देऊ नका, पण त्यांना शेजारी बसवून दाखवा जरूर.

कारण इथे प्रश्न एका कीबोर्डचा नाही. झाकण बंद असते तोवर यंत्र आपल्याला अडाणी ठरवते. ते एकदा उघडले, एक ठिपका पुसला आणि मुका स्वर बोलला की तो पाहणाऱ्या मुलाची यंत्रांची भीती कायमची जाते. मुलगी असेल तर तिलाही पेचकस धरू द्या.

या रविवारी चादर झटका, आणि सेल घालण्याआधी पत्रे तेवढे पुसून घ्या.