हुशारी आडवी येते तेव्हा

डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाची ‘इन्फिनिट जेस्ट’ ही कादंबरी १९९६ मध्ये आली. हजाराच्या वर पानं, शेवटी ३८८ टिपा आणि त्यातल्या काही टिपा एखाद्या प्रकरणाएवढ्या लांब. काळ थोडा पुढचा. त्या काळात वर्षांना आकडे नाहीत, कारण कंपन्यांनी पैसे भरून वर्षांची नावंच विकत घेतली आहेत. पुस्तकात दोन खुणा ठेवाव्या लागतात, एक गोष्टीत आणि एक टिपांत. आमच्या स्टेट कॉलेजला डिसेंबरमध्ये पाचच्या आत अंधार पडतो, त्यामुळे असं पुस्तक लावून धरता येतं.

‘एवढं काय आहे त्यात?’ असं कोणी विचारलं तर मी सांगतो, व्यसन आहे. दारू-गांजाचं तर आहेच, पण एक सिनेमाही आहे. तो इतका गुंगवणारा, की एकदा बघायला बसलेला माणूस खाणंपिणं विसरतो आणि बघता बघता मरतो. १९९६ साली ही कल्पना अचाट वाटली असेल. आज खिशातला फोन बघितला की तेवढी अचाट वाटत नाही.

हे गाव युनिव्हर्सिटीचं. शनिवारी फुटबॉलची मॅच असली की स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं जमतात, सकाळपासून गाड्यांच्या डिक्क्या उघडून खाणंपिणं चालतं. २००७ मध्ये सेंट पॅट्रिक्स डे सुट्टीत आला, तर विद्यार्थ्यांनी पिण्यासाठी ‘स्टेट पॅटीज डे’ नावाचा वेगळा दिवसच काढला. २०१७ च्या फेब्रुवारीत एका फ्रॅटर्निटीच्या घरात प्रवेशाच्या रात्री भरपूर दारू पाजलेला १९ वर्षांचा मुलगा पायऱ्यांवरून पडला आणि गेला. त्याच्या नावाने पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियात कायदा झाला. पण बहुतेक मुलं चार वर्षं हे सगळं करून नोकरीला लागतात. काही थोडी मात्र तिथेच अडकतात. ती का अडकतात? आपल्याकडचं पाठ असलेलं उत्तर म्हणजे, ‘मुळात चारित्र्यच कच्चं.’

या उत्तराला वॉलेस हात घालतो. कादंबरीत टेकडीवर एक टेनिस अकादमी आहे आणि टेकडीखाली व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचं एक घर. वरती हॅल नावाचा मुलगा राहतो. टेनिसमध्ये पुढे, अभ्यासात अफाट, शब्दकोश अक्षरशः पाठ. नातेवाइकांच्या ग्रुपवर ज्याचे फोटो फिरावेत असा. तो अकादमीच्या तळघरात एकटा जाऊन गांजा ओढतो आणि धूर पंख्यातून बाहेर सोडतो. त्याला नशेइतकीच तिच्या लपवालपवीची चटक लागली आहे. हे वाचताना मला आपली घरं आठवली. ‘आमच्याकडे कोणी घेत नाही हो’ असं जिथे अभिमानाने सांगितलं जातं, तिथे घेणाऱ्याला लपवण्याची कला आपोआप शिकावी लागते.

दुसरा अर्डेडी. हा प्रत्येक वेळी ‘शेवटचं एकदाच’ म्हणून गांजा मागवतो. नंतर शपथ घेतो, ओढण्याचं सामान फेकून देतो आणि पुढच्या वेळी नवं आणतो. घरात बसून तो माल आणणाऱ्या बाईची वाट बघतोय, एवढाच तो प्रसंग. शेवटी फोन आणि दारावरची घंटा एकदम वाजतात आणि हा मधोमध खिळून उभा राहतो. व्यसनाचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

टेकडीखालच्या घरात डे नावाचा एक शिकवणारा गृहस्थ येतो. मीटिंगमध्ये सांगतात ती वाक्यं, म्हणजे एका वेळी एकच दिवस वगैरे, त्याला शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांसारखी वाटतात. तो त्यांची टर उडवतो. त्याचे मुद्दे खोडताही येत नाहीत. फक्त त्या मुद्द्यांनी त्याची दारू सुटत नाही.

आणि याच घरात डॉन गेटली आहे. शाळा अर्धवट सोडलेला, घरफोड्या केलेला, गोळ्यांच्या आहारी गेलेला धिप्पाड माणूस. आता तो तिथेच राहून काम करतो. त्याला सांगितलंय की सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून प्रार्थना कर. देवावर त्याचा विश्वास नाही, प्रार्थनेत काही जाणवतही नाही. तरी तो रात्री बूट आणि किल्ल्या पलंगाखाली लांब सारून ठेवतो, म्हणजे सकाळी गुडघ्यावर यावंच लागेल. पुढे एका रहिवाशाला वाचवताना त्याला गोळी लागते. हॉस्पिटलमध्ये असह्य वेदना असताना तो अमली वेदनाशामक नाकारत राहतो. चोर म्हणून भेटलेला माणूस कादंबरीतला सगळ्यात भरवशाचा माणूस होतो. चारित्र्य त्याच्याकडे आधी नव्हतं. कंटाळवाण्या गोष्टी रोज करत राहिल्याने ते तयार झालं.

मराठी माणसाला इथे ‘एकच प्याला’ आठवतोच. गडकरींचं हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्येच रंगभूमीवर आलं. सुधाकरही हुशार वकील आणि मानी. तळीरामाच्या पेल्यापेक्षा त्याचा दुखावलेला अहंकारच त्याला आधी पाडतो. म्हणजे हुशारी वाचवत नाही, हे गडकरींनी ओळखलं होतं. पण त्या नाटकाने आपल्या मनात दोनच शेवट पक्के केले, एक तर शपथ, नाही तर सर्वनाश. मधला साधा मंगळवार, ज्या दिवशी काहीच घडत नाही आणि तरी प्यायची नसते, तो नाटकात दाखवणं अवघड. वॉलेसने तो हजार पानांत दाखवला.

पुण्यात हा मंगळवार अनेक वर्षं जगला जातोय. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुलं-सुनीताबाईंच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथेही दिनक्रम ठरलेला. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे तिथे काम करतात, नव्यांना आधार देतात. मुक्तांगणात गेटली कोणालाच परका वाटला नसता.

वॉलेस स्वतः बॉस्टनमध्ये अशा एका घरात राहिला होता. दारू त्याने सोडली. नैराश्य मात्र सुटलं नाही, २००८ मध्ये त्याने आत्महत्या केली. व्यसनमुक्ती म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा इलाज नव्हे, हेही घरच्यांनी लक्षात ठेवायला हवं.

आपल्यापैकी कुणाचा मुलगा, भाऊ, नवरा हॉस्टेलवर किंवा परगावच्या अपार्टमेंटमध्ये एकटा राहत असतो. रविवारच्या फोनवर ‘सगळं मस्त’ असतं. एखाद्या दिवशी ते मस्त नाही असं कळतं. आपण लगेच ‘एवढा शिकलेला तू!’ म्हणतो आणि डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. अर्डेडीने अशा कितीतरी शपथा घेतल्या होत्या. शिकलेला असणं इथे कामाला येत नाही आणि लाज वाटली की लपवणं फक्त वाढतं. त्यापेक्षा, जेवलास का, आज मीटिंगला गेला होतास का, एवढंच विचारावं. आणि उद्या फोन करून पुन्हा तेच विचारावं.