उसामागून गेलेली डाळपुरी



शेतकी खात्याच्या माणसाने चुलीपाशी काय लुडबूड करावी, असे काहींना वाटेल. पण विषय फिरून उसापाशीच येतो, म्हणून ही जागा मागून घेतली.

आमच्या गटातील एक वडीलधारे सभासद गेल्या पावसाळ्यात औषधपाण्यासाठी दोन महिने परळला लेकीकडे राहिले. लेक-जावई दोघेही नोकरीवाले, दोन पोरे शाळेत. त्या घरात दर रविवारी एकेका देशाचा पदार्थ रांधायची रीत आहे. पोरांनी नकाशात देश शोधायचा, आईने त्यांना हाताशी घेऊन तिथले जेवण करायचे. सामान दादरच्या बाजारात नाहीतर फुले मंडईत मिळते. एका रविवारी हंगेरीचा रस्सा, दुसऱ्या रविवारी मेक्सिकोची मक्याची भाकरी. (तिकडे मका चुन्याच्या निवळीत शिजवून मग वाटतात. त्याने पीठ चिकट होते, भाकरी मोडत नाही आणि मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. मका लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.)

आप्पा मात्र रविवारी पंगतीला बसायचे नाहीत. "मला पिठलं-भाकरी टाक पोरी, तुमचं ते बाहेरदेशीचं नको." लेक मुकाट्याने वेगळे करायची. तिसऱ्या रविवारी तिने नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. आम्ही भेटीला गेलो तेव्हा पोरे हिरमुसलेली, लेक गप्प, आणि आप्पा खिडकीत तोंड फिरवून बसलेले. बाप चार दिवस राहायला आला आणि आपल्या हातचे खात नाही, हे लेकीला किती लागते ते सांगायला नको.

दिवस एकादशीचा होता. आप्पांच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी आली. आम्ही म्हटले, "आप्पा, हे तरी कुठं आपल्या देशीचं?" साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळ ब्राझीलकडचा. बटाटा आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतले, मिरची आणि रताळे अमेरिका खंडातले. राजगिऱ्याचे मूळही मेक्सिकोच्या बाजूला. यांतले बरेचसे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागले. 'बटाटा' हा शब्द त्यांचाच, आणि गिरगावातला इराणी चहाबरोबर देतो त्या 'पावा'चे नावही त्यांचेच. उपासाच्या पानात अस्सल इथले म्हणून वरी, दही, तूप एवढेच हाती लागते. आप्पा हसले, पण हटले नाहीत. "ते आमच्या आज्यानं खाल्लंय, म्हणून आमचं."

मुद्दा बिनतोड होता. मग आम्ही आज्याच्याच वाटेने जाणारा देश काढला, तो म्हणजे मॉरिशस.

या बेटावर ऊस नेला डच लोकांनी, १६३९ साली, जावाहून. पुढे इंग्रजी अमलात १८३५ साली तिथली गुलामगिरी उठली आणि मळ्यांना हात कमी पडू लागले. हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणे १८३४ पासूनच चालू झाले होते. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसे पोर्ट लुईसच्या बंदरात उतरली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची, पण मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही त्यांत होती. त्यांच्या वंशजांच्या घरी गणपती बसतो, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. मजूर उतरले ती जागा 'आप्रवासी घाट' म्हणून २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. गावातून तोडीला टोळ्या जातात तेव्हा पेटाऱ्यात काय नेतात ते आपण बघतोच : डाळ, पीठ, तवा. यांनीही तेच मनात बांधून नेले असणार.

त्यातून झालेली डाळपुरी आज त्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ मानली जाते. तिचे मूळ बिहारी आहे, तेव्हा आपल्या पुरणपोळीची ती सख्खी बहीण नव्हे, मावसबहीण म्हणा. गंमत अशी की माणसे गेली उसासाठी, आणि पुरीच्या सारणात गोडाचा कण नाही.

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तोडकऱ्यांचं जेवण म्हणायचं की हे." आणि लेकीला म्हणाले, "कर बघू."

तिने केलेली रीत अशी. पाव किलो हरभऱ्याची डाळ हळद घालून शिजवावी. बोटाने चेपावी पण गिचका होऊ नये. कट निथळून बाजूला ठेवावा. डाळ कोरडीच वाटून त्यात मीठ आणि भाजल्या जिऱ्याची पूड घालावी. अर्धा किलो मैदा याच कटाने सैल भिजवून थोडे तेल लावून झाकून ठेवावा. कट वाया न घालवायची ही अक्कल तिकडेही टिकली, याचे आम्हांला फार कौतुक वाटले. मग पुरणासारखे भरून, कोरड्या पिठीवर पातळ लाटून, तेल लावून तव्यावर भाजावे. डाग पडू देऊ नयेत, पुरी मऊच हवी.

सोबत डबल बीची उसळ, टोमॅटोचा लसूण-मिरची घातलेला दाट रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी. रश्श्यात तिकडे थाइम नावाचा पाला घालतात. लेकीने लालबागच्या मसाल्याच्या दुकानातून ओवा आणून चिमूटभर टाकला. दोन्हींत थायमॉल हे एकच वासाचे द्रव्य असते, त्यामुळे भागते. मॉरिशसमध्ये या पुऱ्या जोडीनेच वाढतात, एकटी देत नाहीत. आप्पांनी दोन जोड्या खाल्ल्या, वर तिखट कमी पडल्याची तक्रार केली, आणि धाकट्या नातवाला नकाशा कपाटावरून काढायला लावला.

या मापात पंधराएक पुऱ्या होतात. आपल्या आठवडी बाजारात डबल बी नसेल तर पावटा चालेल. मैद्याऐवजी गव्हाची कणीक घेतली तर ती दोनदा चाळून घ्यावी, नाहीतर लाटताना कडेला फाटते. आणि लग्नाकार्यात तिकडे याच पुरीबरोबर तांदळाची खीर वाढतात. तेव्हा साखर लागतेच, ती सभासद वाट्याची घरात असेलच.